दोन डोळे, पण कुणाचे?

‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा मराठी घरात परका मानला जात नाही. भाषा हिंदी असली तरी दिग्दर्शक आणि नायक व्ही. शांताराम, कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं, आणि गोष्ट आटपाडीच्या माळावरची. १९५७ साली तो आला, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रुपेरी अस्वल मिळालं, आणि त्यातली प्रार्थना तर शाळाशाळांतून म्हटली गेली. तुम्हीही ती कधीतरी हात जोडून म्हटली असेल. अशा सिनेमाबद्दल तक्रार करणं अवघड असतं. तरी मला ती करायची आहे, आणि मेडनहेडला बसून करायची आहे.

कारण असं की इंग्लंडमध्ये सध्या तुरुंग भरून वाहताहेत. आरोपीला खटल्याआधीच वेगळ्या वाटेला कसं लावायचं आणि व्यसनी गुन्हेगाराला कोठडीऐवजी उपचार कसे द्यायचे, याची चर्चा सरकारी अहवालांतून वर्तमानपत्रांत आली आहे. आपल्या मंडळींत हा विषय निघाला की कुणीतरी अभिमानानं म्हणतं, “हे तर शांतारामबापूंनी सत्तर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं.” खरंच दाखवलं होतं का? माझं उत्तर आहे: अर्धं. आणि जे अर्धं राहिलं, ते आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्या कुटुंबांना जास्त उपयोगाचं आहे.

आधी सिनेमा आठवून पाहा. आदिनाथ हा तरुण जेलर वरिष्ठांची परवानगी काढून सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर, एका उजाड रानात नेतो. बेड्या नाहीत, भिंती नाहीत. कागदावर उठवलेला ठसा आणि जेलरची नजर, एवढाच बंदोबस्त. संधी मिळताच कैदी पळतातही. पण त्या दोन डोळ्यांची आठवण त्यांना पुढे जाऊ देत नाही आणि ते परत येतात. मग माळ फुलतो, भाजी पिकते, ती स्वस्तात बाजारात जाते. व्यापाऱ्यांचा धंदा बसतो आणि ते उलटतात. शेवटी बैल शेतात घुसतात आणि पीक वाचवताना आदिनाथ मरतो. त्या बैलाच्या प्रसंगात शांतारामांच्या स्वतःच्या डोळ्याला इजा झाली होती, हेही आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो आहोत. डोळ्यांच्या सिनेमाला डोळ्याचीच किंमत द्यावी लागली, म्हणून तो आणखी पवित्र झाला.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. या सिनेमात सुधारणा घडते ती एका थोर माणसाच्या नजरेनं. ती नजर बापाची आहे, गुरूची आहे, शेवटी शेवटी तर देवाची आहे. पण पळून गेलेला माणूस जेव्हा त्या नजरेच्या आठवणीनं परत येतो, तेव्हा तो सुधारलेला असतो की घाबरलेला? सिनेमा हा प्रश्न विचारत नाही. हे सहा जण खुनी कसे झाले, यातही त्याला फार रस नाही. दारू, वेड, कर्ज, घरातली मारहाण, यांतलं काय कुणाच्या वाट्याला आलं होतं, त्यावर कुणी इलाज केला होता का, हे आपल्याला नीट कळत नाही. गुन्हा हा मनावरचा डाग आणि सुधारणा म्हणजे तो डाग धुऊन निघणं, अशी ही मांडणी आहे. पडद्यावर ती भव्य दिसते. व्यसनी माणसाच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते. सहाव्या आठवड्यात तो पुन्हा घसरला की त्याला आणि त्याच्या आईबापांना वाटतं, डाग धुऊन निघालाच नाही, आता संपलं.

सिनेमामागची खरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. औंध हे साताऱ्याकडचं एक छोटं संस्थान. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्यानं, आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी घटना केली. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. त्यामागची कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरची. त्यांना भारतानंद असंही म्हणत. राजपुत्र अप्पासाहेब पंत या साऱ्या प्रयोगात होते. ऑक्सफर्डला शिकून परतलेले हेच अप्पासाहेब पुढे १९६९ साली लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणून आले.

या वसाहतीत सिनेमानं गाळलेल्या दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे कुटुंब. कैद्यानं बायकामुलांसह राहावं, शेती करावी, अशी ती वसाहत. सिनेमातल्या आश्रमात सहा एकटे पुरुष आहेत आणि अधूनमधून गात येणारी खेळणीवाली चंपा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मागे उभी असलेली राज्यव्यवस्था. स्वतंत्रपूर हे एका माणसाचं वेड नव्हतं. ते गावोगावी पंचायतींना अधिकार देऊ पाहणाऱ्या राज्याचा एक भाग होतं. म्हणून राजा गेला, संस्थान विलीन झालं, फ्रीडमन निघून गेले, तरी वसाहत राहिली. आदिनाथ मेल्यावर त्याचे डोळे आभाळात उरतात. स्वतंत्रपूरच्या बाबतीत उरली ती जमीन, घरं आणि नियम. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

आता इकडचं पाहा. उपचार न्यायालयाची कल्पना जगभर पसरली ती अमेरिकेतून. १९८९ साली फ्लोरिडातल्या मायामीत पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं. कोकेनच्या खटल्यांनी न्यायालयं तुंबली होती, तीच माणसं पुन्हा पुन्हा येत होती. तेव्हा खटला थांबवायचा, आरोपीला उपचाराला धाडायचं आणि त्यानं ठरावीक दिवसांनी त्याच न्यायाधीशासमोर उभं राहून हालहवाल सांगायची, अशी पद्धत सुरू झाली. नीट चाललं तर शाबासकी, चुकलं तर छोटी शिक्षा, पूर्ण केलं तर आरोप मागे. इंग्लंडनं ही कल्पना बिचकत बिचकत घेतली. २००५च्या सुमारास लीड्स आणि वेस्ट लंडनला ड्रग कोर्टाचे प्रयोग झाले. २००८ साली निकोलस क्रायटन या न्यायाधीशांनी लंडनमध्ये व्यसनी आईबापांसाठी कौटुंबिक न्यायालयात असंच वेगळं कामकाज सुरू केलं. ते फौजदारी नव्हतं, मुलांचा ताबा जाण्याची वेळ आलेल्यांसाठी होतं. तिथे दर पंधरा दिवसांनी वकिलांशिवाय आईबाप थेट न्यायाधीशांशी बोलत. २०२३ साली लिव्हरपूल आणि टीसाइडच्या क्राउन कोर्टांत आणि स्त्रियांसाठी बर्मिंगहॅमच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात ‘इंटेन्सिव्ह सुपरव्हिजन कोर्ट’ आली. दर महिन्याला त्याच न्यायाधीशांसमोर आढावा, रक्त-लघवीच्या तपासण्या, घर आणि कामासाठी मदत, आणि अटी मोडल्या तर थोड्या दिवसांच्या कोठडीचा अधिकार.

‘त्याच न्यायाधीशांसमोर’ हे शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिले. लीड्स आणि वेस्ट लंडनच्या प्रयोगाचा अभ्यास झाला तेव्हा हाच मुद्दा पुढे आला होता. दर वेळी तेच न्यायाधीश असतील तर माणूस तारखा चुकवत नाही, उपचार पूर्ण होण्याची शक्यता वाढते. इथे शांतारामांना दाद द्यायला हवी. एकाच माणसाची सलग नजर माणसाला धरून ठेवते, हे त्यांनी ओळखलं होतं. फक्त ती नजर थोर असण्याची गरज नसते. तिनं दर महिन्याला ठरल्या वेळी हजर असावं लागतं, मागच्या वेळी काय ठरलं होतं ते आठवावं लागतं, आणि तो माणूस घसरला तर खुर्ची सोडून न जाता पुढची तारीख द्यावी लागते. हे काम एखाद्या हुतात्म्याचं नाही, नेमून दिलेल्या नोकरीचं आहे. आदिनाथला बैलांपुढे उभं करून सिनेमानं आपल्याला नोकरीचं मोल विसरायला लावलं.

आता मेडनहेडकडे येऊ. आपल्या गावाला मॅजिस्ट्रेट कोर्ट होतं. ते बंद करायचं २०१८ साली ठरलं, तेव्हा पंतप्रधान होत्या थेरेसा मे आणि त्या इथल्याच खासदार. आता खटला असला की स्लाव्ह किंवा रेडिंगची वाट धरायची. वरती सांगितलेलं ‘त्याच न्यायाधीशांचं’ न्यायालय या भागात नाही. म्हणजे ज्या नजरेबद्दल आपण बोलतोय ती आधीच एक-दोन स्टेशनं लांब गेली आहे. शिवाय इंग्लंडमधली ही नवी न्यायालयं दोष सिद्ध झाल्यानंतरची, तुरुंगाला पर्याय म्हणून दिलेल्या शिक्षेची आहेत. खटल्याआधीचं वळण इथे न्यायाधीशाच्या हाती नसून पोलिस आणि सरकारी वकिलांच्या हाती आहे. मेडनहेडच्या एखाद्या मराठी घरावर अशी वेळ आलीच तर बहुधा याच टप्प्यावर येईल. मुलाच्या खिशात गांजा सापडला, पबबाहेर हाणामारी झाली, नैराश्याच्या भरात कुणी दुकानातून काही उचललं, तर गोष्ट न्यायालयापर्यंत जाण्याआधी पोलिस ठाण्यातच एक कागद पुढे येऊ शकतो.

हा कागद नीट वाचायला हवा. किरकोळ बाबतीत ‘कम्युनिटी रेझोल्यूशन’ असतं: जबाबदारी मान्य करायची, माफी किंवा भरपाई द्यायची, एखाद्या वर्गाला किंवा व्यसनाच्या सेवेकडे जायचं. ही शिक्षा नाही आणि कॉशनही नाही. त्याच्या वर ‘कंडिशनल कॉशन’, म्हणजे अटींसह ताकीद. तिच्यासाठी पुरेसा पुरावा लागतो, गुन्ह्याची कबुली लागते, संमती लागते आणि सही लागते. अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याचा खटला भरता येतो. थेम्स व्हॅली पोलिसांनी थोड्याशा अमली पदार्थासह सापडलेल्यांना अटकेऐवजी उपचार सेवेकडे पाठवण्याचा प्रयोग वेस्ट बर्कशायरमध्ये केला आहे. डरहॅमच्या पोलिसांनी २०१५ पासून ‘चेकपॉइंट’ चालवलं. त्यात चार महिन्यांचा करार असतो आणि त्या काळात ‘नॅव्हिगेटर’ म्हणून एक ठरलेला माणूस सोबत असतो. पुन्हा तेच, दोन डोळे आणि तेच डोळे.

सिनेमातल्या ठशाशी या सहीची तुलना करून पाहा. आदिनाथच्या कैद्यांची शिक्षा आधीच झालेली होती, ठसा देऊन त्यांचं काही जाणार नव्हतं. इथे सही करणाऱ्याचा दोष अजून कुणी सिद्ध केलेला नाही. सही हीच त्याची कबुली ठरते. एरवी कंडिशनल कॉशन तीन महिन्यांत, कधी त्याआधीही, कायद्याच्या दृष्टीनं ‘स्पेंट’ होते आणि बहुतेक नोकऱ्यांत सांगावी लागत नाही. पण व्हिसा, कायमचं वास्तव्य आणि नागरिकत्व यांच्या निर्णयांना ही सवलत लागू नाही. तिथे विचारलं की सांगावंच लागतं. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोन मित्रांना एकच कागद मिळाला, तरी ब्रिटिश पासपोर्टवाल्याला तो चार महिन्यांचा त्रास आणि आपल्या पोराला पुढच्या प्रत्येक अर्जावरचा रकाना. हा फरक पोलिस समजावून सांगतीलच असं धरून चालू नका. ठाण्यात ड्यूटी सॉलिसिटर फुकट मिळतो, तुमचं उत्पन्न कितीही असो. तो मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. मानसिक आजार किंवा व्यसनाची शंका असेल तर ‘लायझन अँड डायव्हर्जन’ ही एनएचएसची सेवा कोठडीत आणि कोर्टात असते. २००९च्या ब्रॅडली अहवालानंतर ती देशभर उभी राहिली. तिची मागणी करता येते, घरच्यांनाही करता येते.

यावर कुणी म्हणेल, मग कबूलच करू नये. आपली मंडळी बहुधा या दोन टोकांपैकी एकावर जातात. एक टोक म्हणजे ‘काय हवी ती सही करा, पण रात्रीतून घरी आणा, कुणाला कळता कामा नये’. दुसरं टोक म्हणजे ‘आमचा मुलगा तसा नाहीच’. दोन्हींत मुलाच्या व्यसनाबद्दल कुणी बोलत नाही. डेव्हिड लॅमी यांनी २०१७ साली सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात दाखवलं की कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य आरोपी गुन्हा कबूल करण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी आहे, आणि त्याचं मोठं कारण व्यवस्थेवर विश्वास नसणं हे आहे. परिणाम असा की कबुलीच्या दारातून जाणारी प्रत्येक सवलत त्यांना कमी मिळते. त्यावर लॅमींनी उपाय सुचवला तो कबुलीची अट न घालता खटला लांबणीवर टाकून आधी उपचार देण्याचा. बर्मिंगहॅममध्ये वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी केलेल्या ‘टर्निंग पॉइंट’ प्रयोगाचा दाखला त्यांनी दिला होता. मला ही सूचना आजही सगळ्यात शहाणी वाटते. उपचार आधी आणि दोषाचा हिशोब नंतर, हा क्रम आदिनाथलाही सुचला नव्हता.

भारतातल्या कायद्यातही असं एक दार आहे, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ कलमाखाली, थोड्या प्रमाणात पदार्थ सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. आणि केंद्र कसं असावं याचा मराठी नमुना पुण्यात आहेच. अनिल अवचटांच्या गर्दवरच्या लेखांनी अस्वस्थ होऊन पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’ वाचताना मला सतत या सिनेमाची आठवण येत राहते, कारण ते त्याच्या अगदी उलट आहे. तिथे एकट्या नायकाची नजर नाही. बरे झालेले रुग्णच पुढच्या रुग्णांना सांभाळतात, बायकांसाठी वेगळा गट असतो, पुन्हा घसरलेल्याला पुन्हा घेतात. अनिता अवचट १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले, मुक्तांगण चालू आहे. तुरुंगाच्या गोष्टीत आपण डोळे पूजले आणि व्यसनाच्या गोष्टीत घर बांधलं. दुसरं जास्त अवघड होतं आणि जास्त टिकलं.

तरी या नव्या वाटेचे भाट होऊ नका. उपचारामागे तुरुंगाची धमकी असेल तर ती संमती किती खरी, हा प्रश्न आदिनाथच्या नजरेइतकाच जुना आहे. दुसरा धोका असा की सोय झाली म्हणून जाळं रुंदावतं. ज्याला पूर्वी दोन शब्द सुनावून सोडलं असतं, त्यालाही कराराच्या खाली सही करायला लावतात. आणि तिसरं म्हणजे, ज्या व्यसनमुक्ती सेवेकडे पाठवायचं तिथेच रांग असेल, तर कोर्टानं कितीही मायेनं पाहिलं तरी माणूस रस्त्यावरच राहतो.

आणि शेवटी ज्या भागाबद्दल मला सिनेमाशी भांडायचं नाही, तो सांगतो. भाजीबाजाराचा. कैदी सुधारले, घाम गाळला, स्वस्तात भाजी आणली, आणि गाव त्यांच्यावर धावून आलं. आपण तो प्रसंग ‘वाईट व्यापारी’ म्हणून बाजूला टाकतो. पण सुधारलेल्या माणसाला बाजारात जागा द्यायची की नाही, हा प्रश्न व्यापाऱ्यांना नव्हता, गावाला होता. मेडनहेडमध्ये ते गाव म्हणजे आपणही आहोत. आपल्या रस्त्यावर व्यसनमुक्तीचं घर येणार म्हटल्यावर हरकतीच्या अर्जावर सही करणारे आपण. मंडळाच्या गणपतीत एखाद्या घराबद्दल आवाज खाली आणून बोलणारे आपण. कॉशन असलेल्या पोराला आपल्या कंपनीत मुलाखतीला बोलवायचं का, हे ठरवणारेही आपणच.

सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा आदिनाथच्या डोळ्यांकडे थोडं कमी पाहा आणि त्या बाजारातल्या गर्दीकडे थोडं जास्त. न्यायालयाचे दोन डोळे स्लाव्हला असोत की रेडिंगला, ते महिन्यातून एकदाच पाहणार. उरलेले एकोणतीस दिवस तो माणूस आपल्या डोळ्यांसमोर असणार आहे.